सरांच्या सोफ्यावर बाबा

माझी पीएचडी झाली तेव्हा बाबांनी सगळ्या देऊळघाटात पेढे वाटले. नंतर मी पुन्हा अर्ज भरायला बसले, तेव्हा म्हणाले, "काऊन वं, अजून राह्यलं का काही शिकायचं?" मी समजावलं की ही पीएचडीनंतरची नोकरी असते; दोन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात संशोधन करायचं, पगार मिळतो. पगार म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

माझा विषय लोणारच्या सरोवरातले जिवाणू. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेला नेमकं हेच येणारं माणूस हवं होतं. अशी जागा पुन्हा निघेल याचा भरवसा नव्हता. पण घोडं पेंड खात होतं शिफारसपत्रापाशी. ते माझ्या गाइड सरांनी परस्पर ऑनलाइन पाठवायचं होतं. सर बुलढाण्यात राहतात. अगदी देवमाणूस, म्हणजे चांगले आणि हाकेला न येणारे. तीन आठवडे त्यांचं "आज पाठवतो" चाललं होतं.

शेवटच्या दिवशी पाचपर्यंत मुदत. सकाळी पाहते तर बाबा घरात नाहीत आणि कोनाड्यातली तुरीच्या डाळीची पिशवीही नाही. अकराला त्यांचा फोन आला. "सराच्या घरी येऊन बसलो."

मी घाईघाईनं विचारलं, "काय बोलले तुम्ही त्यायले?"

"काहीच नाही. निस्ता बसलो. तलाठ्याकडंबी मी असाच बसतो. माणूस समोर दिसला की कागद हालते."

मी इतकी चिडले की बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. तुरीच्या डाळीची पिशवी मांडीवर घेऊन सरांच्या सोफ्यावर बसलेले बाबा काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. चार वाजता पत्र पोचल्याची मेल आली.

बाबा परतले ते खुशीत. "दोनदा चहा झाला. पोरगी कशी आहे म्हणून सरानं पुसलं, तं सांगितलं." काय सांगितलं, ते मी रागापायी विचारलंच नाही.

पंधरा दिवसांनी ऑनलाइन मुलाखत झाली. जिवाणूंवर मी घडाघडा बोलले. मग समोरच्या प्रोफेसर बाईंनी चष्मा सावरला आणि विचारलं, "तुमचे सर लिहितात, चूक झाली की तुम्ही स्वतःहून सांगता. उदाहरणही दिलंय. ही म्हैस कुठल्या प्रयोगातली?"

म्हैस आमच्या गोठ्यातली. मी तेव्हा चौथीत होते. मी बांधलेली गाठ सुटली आणि म्हशीनं शेजाऱ्यांची मेथी फस्त केली. शिव्या भावाला बसत होत्या, तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं की गाठ माझी होती. मी हे साफ विसरले होते. बाबा विसरले नव्हते. भर मुलाखतीत मला रडू आलं. बाईंना म्हशीची सगळी हकिगत सांगितली आणि त्याच ओघात माझ्या प्रबंधातला एक आलेख चुकलाय, हेही कबूल करून बसले. मग वाटलं, संपलं आता.

बाहेर बाबा थांबलेच होते. "काय पुसलं?"

"म्हशीचं पुसलं."

ते जराही चकित झाले नाहीत. "मंग? खरं सांगितलं ना?"

"हाव."

"मंग झालं तं," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

आठवड्यानं होकार आला. रुजू झाल्यावर पहिलं काम काय, तेही बाईंनी त्यातच लिहिलं होतं: तो आलेख नव्यानं काढणे.