दादाने कात्री परत केली

सोमवारी दादाला घेऊन उल्हासनगरला गेलो. कॅम्प नंबर पाचला, जीन्सच्या कारखान्यात. माझी सुट्टी संपायला दोनच दिवस उरले होते… त्याआधी त्याला कामाला लावायचं, एवढंच डोक्यात.

दादा मारामारीच्या केसमध्ये चार वर्षं आत होता. तिथे शिवणकाम शिकला, सर्टिफिकेट पण मिळालं. पण सुटल्यापासून गावात, चामटोलीत, घरीच बसून… जेलचं नाव निघालं की लोक 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत.

म्हणून मी शेटला ठोकून दिलं, "सुरतला होता कारखान्यात." दादाने माझ्याकडे नुसतं बघितलं.

शेट सिंधी, वयस्कर. म्हणाला, "साईं, आज का दिन मशीन चलाओ. हाथ देखूंगा, फिर बात."

मी बाहेर थांबलो. एका जागी बसणं मला जमत नाही, सहा चहा झाले. दर वेळी दारातून डोकावायचो… दादाची मान खाली, शिलाई एकदम सरळ. बाजूचा कारागीर पण वळून बघत होता.

सहाला सुट्टी झाली. बाकीचे कात्र्या तिथेच टाकून पळाले. दादा मात्र उठला, कात्री आणि धाग्याचा कटर शेटच्या टेबलावर ठेवला, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"ये क्या?"

"मोजून घ्या. मग जातो."

मी दारातून आत आलो. जेलमध्ये रोज असंच असतं… हत्यारं मोजून झाल्याशिवाय कोणाला वर्कशॉपमधून सोडत नाहीत.

शेटने चष्मा वर केला. "सुरत में ऐसा होता है?"

"सुरत नाही शेट. जेलमध्ये शिकलो. भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला… त्याला काही बोलू नका."

शेटने कात्री उचलून बघितली, कटर बघितला, दोन्ही ड्रॉवरमध्ये टाकले. "बराबर है. कल से आ जा." मग माझ्याकडे वळून, "और तू… तू मत आना!"

दादा हसला. किती महिन्यांनी…

आता मी परत गुजरातला, साइटवर. सातवीतून पळालेला माणूस मी, शिकवणाऱ्यांशी माझं कधी पटलंच नाही. पण जेलमध्ये दादाला मशीनवर बसवणाऱ्या मास्तरांचं नाव विचारायचं राहून गेलं.

मास्तर, आई फोनवर सांगत होती, दादा आता डबा घेऊन कामाला निघताना शीळ घालतो… कुठे असाल तिथे तुम्हाला एवढं कळावं.