नावेतली पुढची जागा

माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. शेजाऱ्यानं स्कूटर घेतली तरी मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. पण एखाद्या नावेपायी माणसाचा हेवा करीन, तोही समुद्रापासून इतक्या लांब आमच्या संभाजीनगरात, असं कधी वाटलं नव्हतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी ओतकामासाठी लाकडी साचे बनवतो. आमचे निवृत्त मॅनेजर, ज्यांना आम्ही अजून साहेबच म्हणतो, त्यांनी मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून शिडाची जुनी सागवानी नाव आणली. फळ्यांसाठी मला बोलावलं आणि सुकाणू, कड्या, पितळी सामान बघायला मशीनशॉपमधल्या माझ्या दोस्ताला. दोन वर्षं आमचे रविवार साहेबांच्या अंगणात गेले. सगळ्या फळ्या मी तासल्या. तिच्या पोटाचा बाक हातानं घासून घासून आणला. नाव दोघांचीच: मागं सुकाणूवर साहेब, पुढं शीड सांभाळायला एक जण. ती पुढची जागा माझी, हे मी मनात धरूनच चाललो होतो.

जायकवाडी धरणाच्या पाण्यात नाव पहिल्यांदा सोडली तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांना आळीपाळीनं फिरवलं. वारा शिडात भरला आणि नाव एका अंगावर कलली. इंजिन नाही, धूर नाही. फळ्यांखालून पाणी सळसळत जातंय आणि दोर बैलाच्या कासऱ्यासारखा हात ओढतोय. पन्नाशीच्या माणसानं असं ओरडू नये, पण मी ओरडलो.

साहेबांनी दोस्ताला निवडलं. "तू मापाचा माणूस आहेस रे," ते मला म्हणाले. "वारा आला की तू आधी विचार करतोस. हा नुसता कलतो." दोस्त ओशाळल्यासारखा हसला. मी त्याचं अभिनंदन केलं, चहा पाजला आणि घरी येऊन बायकोवर उगाच डाफरलो.

शिमग्यानंतर तिथंच जुन्या लाकडी नावांची शर्यत ठरली. अशी नाव बरेच दिवस कोरडी राहिली की लाकूड आटतं आणि फळ्यांमधल्या फटी उघडतात. म्हणून शर्यतीआधी आठवडाभर तिच्यावर ओली पोती टाकून लाकूड फुगवायचं. साहेब पुण्याला मुलाकडं गेले होते आणि पोती भिजवायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्या दिवशी मी बादली भरली, अन् डोळ्यांपुढं त्या जागेवर बसलेला दोस्त आला. बादली मी कुंड्यांना ओतली. पुढचे दिवसही पोत्यांवर थेंब टाकला नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी तेवढी भिजवून ठेवली, साहेबांना दिसावीत म्हणून.

शर्यतीला दहा-बारा नावा होत्या. शिंग वाजलं आणि सगळी शिडं एकदम भरली. काठावरचे मच्छीमारसुद्धा जाळी सोडून उभे राहिले. दोस्त नावेबाहेर इतका झुकला होता की त्याची पाठ पाण्याला टेकेल असं वाटत होतं. आमची नाव एकेकीला मागं टाकत सगळ्यांच्या पुढं गेली. इतकी देखणी ती मला अंगणात कधी दिसली नव्हती. ती मी घडवली म्हणून छाती भरून येत होती, आणि पाणी आत कधी शिरतंय याचीही मी वाट बघत होतो. खुणेच्या पिवळ्या पिंपाला वळसा घालताना ती जड झाली. दोस्त एका हातात दोर धरून दुसऱ्या हातानं डब्यानं पाणी उपसायला लागला. बाकीच्या नावा त्यांच्यापुढून निघून गेल्या. आमची सगळ्यांत शेवटी काठाला लागली.

साहेब रागानं लाल झाले होते. "एवढं पाणी आलं कुठून?"

मी वाकून दोर गुंडाळायला लागलो.

"उतरवताना दगडाला घासली साहेब," दोस्त म्हणाला. "माझंच ध्यान नव्हतं."

साहेब तडक गाडीकडं गेले. दोस्त शर्ट पिळत होता. मग हळूच मला म्हणाला, "काल सुकाणूची कडी बसवाया आलतो. पोती लई कोरडी होती भाई. मला वाटलं, तुझ्या घरी काई अडचण असंल. दोन बादल्या टाकल्या म्या, पण एका दिवसात काय फुगतंय. साहेब तुझ्यावर खवळले असते, म्हून दगडाचं सांगितलं."

मी मान हलवली आणि त्याला टॉवेल दिला.

पुढच्या शर्यतीला साहेबांनी मला पुढं बसवलं. "हलगर्जी माणूस नको," म्हणाले. खरं सांगायची वेळ तीच होती. मी लाइफ-जाकीट चढवलं आणि बसलो. वारा झकास होता, नाव पाण्यावर टेकत नव्हती. काठाजवळून जाताना मी मुद्दाम दोस्ताकडं बघितलं. त्यालाही जरा जळू दे, एवढीच इच्छा होती. तो दोन्ही हात वर करून नाचत होता, स्वतःच पुढं बसल्यासारखा. त्याच्या तोंडावर जळफळाटाचा मागमूस नव्हता. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका तो नावेत होता तेव्हाही वाटला नव्हता.