डावभर ताकद

अणदूरच्या अलीकडच्या वाडीत धोंडीबाला सगळे ओळखतात ते गोटीमुळं. गोटी म्हणजे खंडोबाच्या पायरीशी पडलेला काळा, गुळगुळीत, धरायला कुठंच जागा नसलेला दगड. वजन किती ते कुणालाच ठाऊक नाही, कारण देवाची वस्तू काट्यावर घालायची नसते म्हणे. चंपाषष्ठीला जो ती खांद्यावर घेईल त्याला पालखीचा पहिला खांदा, अशी वाडीची रीत. धोंडीबाच्या बापानं तो खांदा मरेपर्यंत सोडला नाही आणि बापामागं तेवीस वर्षं धोंडीबानं.

गेल्या साली मात्र गोटी छातीपाशी आली आणि दोन्ही दंड असे भरून आले की बोटं लटलटायला लागली. धोंडीबानं हनुवटीचा टेकू दिला, कशीबशी वर चढवली आणि वर तोंडभर हसला, जसं काही गंमतच केली. लोकांनी येळकोट केला. नळदुर्गाच्या जिममध्ये लोखंड उचलणारा इंद्रजित तेवढा हळूच टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या धोंडीबाला वर्षभर ऐकू येत राहिल्या. चौपन्नाव्या वर्षी घराण्याचा खांदा आपल्या हातून गेला तर बापाला वर जाऊन काय तोंड दाखवायचं, हा एकच घोर.

शेवटी त्यानं पुण्याच्या पुतण्याला, कृष्णराजला, फोन लावला. कृष्णराज तिकडं लोकांना व्यायाम शिकवतो. त्यानं सगळं नीट समजावलं. मेहनत केली की स्नायूत आम्ल साचतं, म्हणून हात भरून येतात. एक पावडर आहे, तिनं ते जरा उशिरा होतं. पण रोज थोडी थोडी, महिनाभर घेतली तरच. अंगाला मुंग्या येतील, घाबरायचं नाही. आता व्यायामाचा ‘सेट’ म्हटलं तर काकाला कळायचं नाही, म्हणून पोरानं स्वतःच्या अकलेनं मराठी केलं: "काका, डावाला एक चमचा घ्यायची." फोनची रेंज ती, त्या वाक्यातले इकडं पोचले दोनच शब्द. डाव आणि एक.

एस.टी.नं डबा आला. त्यावरचं सगळं इंग्रजी, आणि एक पिळदार माणूस बिनसदऱ्याचा. रोज घ्यायची हे धोंडीबानं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं. नवं धोतर काय कुणी रोज नेसतं? सणालाच नेसायचं! एवढी महागाची ताकद कांदे खुरपण्यात कशाला घालवायची, म्हणून त्यानं डबा देव्हाऱ्याच्या वर ठेवला आणि महिनाभर त्याला नुसता नमस्कार केला.

चंपाषष्ठीच्या सकाळी आंघोळ झाली. पोटात अन्नाचा कण नाही, उपास. धोंडीबानं चुलीपासला आमटी वाढायचा डाव घेतला, शिगोशीग भरला, तांब्यात कालवला आणि डोळे मिटून सगळं घशाखाली घातलं. चव चिंचेत साबण कालवल्यासारखी. पण औषध जितकं वंगाळ तितकं गुणाचं, ह्यावर वाडीत दुमत नाही.

देवळापुढं सगळी वाडी जमली होती. पहिला मान धोंडीबाचा. तो गोटीपुढं जाऊन उभा राहिला, वाकला, आणि त्याचे कान झिणझिणले. मग मान, मग दोन्ही हात, मग पाठ. हजार लाल मुंग्या सदऱ्यात शिरल्यात असं वाटायला लागलं. तोंड लालबुंद झालं. तो कान चोळायला गेला तर पाठ खाजली, पाठीला हात पोचेना म्हणून तो उड्या मारायला लागला.

वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई म्हाळसाबाई. तिनं एकदा बघितलं, भंडाऱ्याची मूठ भरली आणि त्याच्या कपाळावर फेकली. देव अंगात आला! झालं. हलगी कडाडली, बायकांनी पदर पसरले, पोरंटोरं पाया पडायला लागली.

"आवो, देव न्हाय, पावडर हाय ती," धोंडीबा कळवळून म्हणाला.

म्हाळसाबाईनं सगळ्यांना समजावलं की देव पहिल्यांदा असाच नाकारतो. शेजारच्या नागूबाईनं बोअर कुठं पाडू म्हणून विचारलं. धोंडीबानं पाठ खाजवायला हात मागं नेला, तर तिनं कोपर ज्या दिशेला होतं तिकडची जागा पक्की केली. मग पुजारी शंभुलिंग पुढं आले आणि म्हणाले, साक्षात देव उभा असताना गोटी कशाला उचलायची? पहिला खांदा ह्यांचाच.

धोंडीबाच्या मनात लाडू फुटले. गोटीला हात न लावता खांदा राहिला होता! पण समोर गाभाऱ्यात खंडोबाचे चांदीचे डोळे, आणि ते सरळ त्याच्याकडंच बघत होते. आपण त्याच्या नावावर त्याच्याच दारात चोरी करतोय, हे त्याला कळलं. तो पुन्हा खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची बायको कस्तुराबाई पुढं आली आणि तिनं हात जोडले.

"देवा, ह्या माणसाचा उजवा खांदा गेलाय," ती म्हणाली. "वर्ष झालं, सदरा म्या घालते त्यांना. कुणाला सांगत न्हाईत. आजपासनं गोटीला हात लावू देऊ नगंस. शब्द दे."

हलगी थांबली. धोंडीबाला आधी संताप आला. जे वर्षभर झाकलं ते हिनं भर देवळात उघडं केलं! पण तिच्याकडं बघितलं तर तिनं जोडलेले हात अजून सोडले नव्हते. सकाळी सदऱ्यात हात घालताना आपण ओठ चावतो, ते ही रोज बघत होती तर.

"दिला," तो म्हणाला.

मग गोटी इंद्रजितनं उचलली. हनुवटी न लावता. पालखीचा पहिला खांदा त्याचा झाला, आणि धोंडीबाला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. खांदा द्यायच्या आधी इंद्रजित त्याच्या पाया पडला. देवाच्या पडला का धोंडीबाच्या, हे त्यानं सांगितलं नाही आणि धोंडीबानं विचारलं नाही.

दुपारी घरी भरीत-रोडग्याचं ताट पुढं आलं. मुंग्या केव्हाच्या उतरल्या होत्या. धोंडीबानं बायकोला विचारलं, ती पावडर होती हे तुला ठाऊक होतं का. तिनं होकाराची मान डोलावली. पावडर लागलेला डाव तिनंच घासला होता.

"मग तो शब्द काय खरा धरायचा?" धोंडीबाला जरा आशा वाटली.

कस्तुराबाईनं त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

"तुमी शुद्धीवर असताना लई शब्द दिलेत मला, एकबी पाळला न्हाय," ती म्हणाली. "ह्यो देवाचा हाय. मोडून बघा."