मुलींच्या खोलीतला कूलर

सदर विद्यार्थिनी, कु. पंचफुला पुंजाजी भोयर, मु. कामरगाव, ही कारंज्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी अध्ययन कक्षाची नियमित लाभार्थी असून तिला पुरेसा उजेड, खेळती हवा व आल्हाददायक तापमान उपलब्ध करून देण्यात आलेले आहे. तिची कोणतीही तक्रार प्रलंबित नाही.

प्रलंबित नव्हती हे खरेच. निकाली काढली होती. ती अशी.

पंचफुलाचा बीएस्सीचा एकच विषय राहिला होता, गणित. वडिलांनी सांगून ठेवले होते, या खेपेला निघाला तर बीएड, नाही तर जऊळक्याचे पाहुणे. पाहुणे चांगले होते. सुनेने शिकायला बाहेर पडायचे नाही, एवढीच त्यांची अट होती. कामरगावच्या घरात टिनाखाली एप्रिलच्या दुपारी माणसाला धड निजता येत नाही, गणित तर दूरच. म्हणून ती सकाळच्या जीपने कारंज्याला यायची.

कॉलेजात अभ्यासाला मोठा हॉल होता. त्यात कूलर होता आणि मुले होती. मुलींना शेजारची खोली, पूर्वी रसायनांच्या बाटल्या ठेवायची. मधल्या दारातून थोडी झुळूक यायची, पण त्या दाराला मर्यादेखातर पडदा होता. तो हवेने उडायला लागला, तेव्हा त्याच्या खालच्या काठाला विटा बांधण्यात आल्या. मर्यादा जागेवर राहिली, हवाही.

एका दुपारी वहीतली अक्षरे हलायला लागली, तशी पंचफुला उठली आणि तिने तो पडदा ओढणीने वर बांधून टाकला. हॉलमधून विकास नावाचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "बरं केलं, ताई. तुमी तिकडं शिजून राह्यल्या होत्या." मुली हसल्या. नेमके तेव्हाच संस्थेचे सचिव अमरसिंगभाऊ फेरीवर आले.

भाऊ रागावले नाहीत. आस्थेने चौकशी करून त्यांनी मुलींसाठी वेगळा कूलर मंजूर केला आणि मधल्या दाराला कुलूप घातले. नारळ फुटला, फोटो निघाला.

कूलरची पाठ उघड्या खिडकीत लागते, हे वऱ्हाडात लेकरालाही ठाऊक. भाऊंच्या घरीही तसाच होता. पण मुलींच्या खोलीची खिडकी सायकल स्टँडकडे उघडायची आणि स्टँडवर मुले असत. म्हणून खिडकीला खिळे ठोकले आणि कूलर खोलीत मधोमध उभा केला. बंद खोलीत तो तीच ती हवा ओली करत बसला. भिंतींना पाणी सुटले, वह्या फुगल्या, पेन कागदावरून घसरू लागला. बंद केला की भट्टी, चालू केला की वाफारा. बाकीच्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. पंचफुलाला थांबणे परवडणारे नव्हते.

ती ग्रंथपाल ज्योत्स्ना मॅडमकडे गेली आणि खिडकी टीचभर तरी उघडून द्या म्हणाली.

"मले समजत नाही काय, पोरी? माह्या घरी कूलर नाही काय?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्याचं उद्घाटन झालं. आता चुकला म्हणू, तं भाऊ विचारतील, तवा काहून नाही बोलल्या? अन् तवा मी पेढा खाल्ला."

"मंग मी बसू कुठं?"

"घरी नाही जमत?"

"घरी जमलं असतं तं इथं कायले आली असती, मॅडम? मले फक्त पास व्हायचं आहे. दुसरं काईच नको."

मॅडमनी तिला आपला रुमाल दिला. घाम पुसायला की डोळे, ते सांगितले नाही.

मग ती जिन्यात बसली. जिन्यात पोरगी बरी दिसत नाही म्हणून चौकीदाराने उठवले. शेवटी ती एसटी स्टँडच्या बाकावर बसू लागली. तिथे वारा होता. तिथे गावचे लोकही होते. तुमची पोरगी दिवसभर स्टँडवर बसून राह्यते, हे त्यांनी पुंजाजींच्या कानावर घातले. ती तिथे गणित सोडवते, हे सांगायचे कोणाला सुचले नाही. पंचफुलाने सांगितले, रडून सांगितले. पुंजाजींनी सगळे ऐकून घेतले आणि तिचे जीपने जाणे बंद केले.

परीक्षेपर्यंतच्या दुपारी तिने टिनाखाली काढल्या, डोक्यावर ओला पंचा घेऊन.

सुरुवातीची नोंद उद्घाटनाच्या फोटोसह विद्यापीठाकडे गेली. फोटोत कूलरशेजारी पंचफुला उभी आहे.

ती गणितात नापास झाली.