हरलेल्यांची मॅच

ऑफिसात कुणी पॉपकॉर्न केलं की मला ती थँक्सगिव्हिंगची सुट्टी आठवते. नवरा शिकला त्या कॉलेजची टीम खेळणार होती, ती बास्केटबॉल टूर्नामेंट बघायला आम्ही राहत होतो त्या चँडलरहून दुसऱ्या शहरात गेलो होतो. त्याची टीम पहिल्याच दिवशी हरली. संध्याकाळी नागपूरहून दादाचा फोन आला, आई गेली. माझा व्हिसा अडकला होता. गेले असते तर परत येता आलं नसतं.

सकाळी हॉटेलात बसवेना. नवरा म्हणाला, "चल, मॅचला जाऊ. या टूर्नामेंटमध्ये हरलं तरी घरी जाता येत नाही, हरलेल्यांची पुढची मॅच खेळावीच लागते."

अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये बुटांचे आवाज घुमत होते. मांडीवरचं पॉपकॉर्न गार झालं. टीम जिंकली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही उभी राहिले.

आईसाठी रडल्याचं आठवत नाही. सुतकात टाळ्या वाजवल्या, एवढं आठवतं.