तुरटीचं पाणी आणि नदीकाठचे इंग्रज

"हिपॅटायटिस ई आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे घाण पाण्यातून होणारी कावीळ. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?" म्हटलं, बायको. सातवा महिना चालू आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तिला उद्याच तपासणीसाठी रक्त द्यायला आणा. शेवटच्या महिन्यांत ही कावीळ बाईच्या जिवावर बेतू शकते."

मला काहीच वाटलं नाही. वॉर्डातल्या पंख्याकडे बघत पडलो. हे मुद्दाम लिहितोय. तुमच्यावर अशी वेळ आली आणि आतून काहीच हललं नाही, तर स्वतःला दगड समजू नका. तसं होतं.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सोडली. कोलशेतला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, दिवा स्टेशनजवळ भाड्यानं राहतो. आठवडाभर ताप होता, भाताचा वास नको व्हायचा, लघवी कोऱ्या चहासारखी. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. तुम्ही असं म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा.

आमच्या बिल्डिंगला टँकर येतो तेव्हा येतो, एरवी बोअरिंगचं गढूळ पाणी. गावाकडे आम्ही नदीच्या पाण्यात तुरटी फिरवायचो, तेच मी इथे सुरू केलं. तासाभरात पाणी काचेसारखं. मजल्यावरच्या सगळ्यांना मीच शिकवलं. लोक म्हणायचे, दत्ताभाऊ, बरं झालं तुम्ही राहायला आलात. मला बरं वाटायचं.

मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बायको, रेखा, आली, रक्त देऊन गेली. रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. तिला मी खरं सांगितलंच नाही. साधी तपासणी आहे म्हटलं.

त्या दोन दिवसांत शेजारच्या खाटेवरच्या सरांनी मला धरून ठेवलं. डोंबिवलीचे रिटायर झालेले इतिहासाचे शिक्षक, पित्ताशयातल्या खड्याचं ऑपरेशन झालेलं. तुरटीचं सगळं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलेलं.

"दत्ता, ही चूक तुझ्या आधी इंग्रजांनी केलीय," ते म्हणाले. "चारशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत त्यांची पहिली टिकलेली वसाहत. नदीकाठी, दलदलीत. उतरल्या उतरल्या किल्ला बांधला, सोनं शोधलं. आणि पाणी प्यायले नदीचं. त्या नदीत समुद्राचं पाणी शिरायचं. यांनी टाकलेली घाण भरतीबरोबर यांच्याकडेच परत यायची. पहिल्याच उन्हाळ्यात तापानं, हगवणीनं माणसं मरायला लागली."

"विहीर नाही खणली?"

"खणली. बरीच माणसं गेल्यावर."

"त्यांच्यात कोणी शेतकरी नव्हता का, सर?"

"साहेब लोक जास्त, राबणारे थोडे. पुढच्या जहाजातून सोनार आले. एक अत्तरवालासुद्धा."

"अत्तरवाला? हगवण लागलेल्या गावात?"

सर हसायला लागले आणि टाक्यांवर हात दाबून थांबले. "हसवू नकोस रे, उसवेल."

मग जगले कसे, मी विचारलं. सर म्हणाले, तिथल्या मूळ लोकांच्या मक्यावर. तांबं आणि मणी देऊन मका घ्यायचे, नाही दिला तर बंदूक दाखवून घ्यायचे. काच करून पाहिली, रेशीम करून पाहिलं, काही जमलं नाही. शेवटी तंबाखू चालला. मग तंबाखूसाठी त्याच लोकांच्या जमिनी घेतल्या. राबायला इंग्लंडमधली गरीब पोरं करारानं बांधून आणली. ती घरी पत्रं लिहायची, खायला पाठवा म्हणून.

त्या पोरांचं मला कळलं. मीही आईला फोनवर सांगतो, सगळं ठीक आहे.

"सर, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का, पाणी पिऊ नका म्हणून?"

"परक्या जागी गेलेला माणूस तिथल्या माणसाला विचारत नाही, दत्ता. त्याला वाटतं, आपल्याला येतं."

हे ते मला म्हणाले की इंग्रजांना, माहीत नाही. मी कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी मॅडम रेखाला घेऊनच आल्या. "आयजीएम निगेटिव्ह आहे." म्हणजे रक्तात ताज्या संसर्गाची खूण नाही. "पण ही कावीळ उशिरा दिसू शकते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू." मग मॅडमनी तिला विचारलं, "तुम्ही तेच पाणी पीत होतात ना?"

रेखानं खाली बघितलं. "नाही मॅडम."

मी उठून बसलो.

"घरमालकीण आजी म्हणाली होती, खालती आमचा मिठागर व्हता, गटारपन तिथंच मुरतंय, तो पानी पिव नको पोरी. तिच्या नळावरून माझ्यापुरतं आणून उकळायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, म्हातारीला काय कळतंय." मग हळूच म्हणाली, "आणि तुम्ही एवढ्या हौसेनं तुरटी फिरवायचात."

सर छताकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "या आजींचे आभार माना." तेव्हा कुठे मला रडू आलं, तेही थोडंच.

सुट्टी मिळाल्यावर आधी आजीकडे गेलो, पाया पडलो. ती म्हणाली, "पाया कशाला परतं? वरती जा, त्या लोकांना सांग."

म्हणून प्रत्येक दार वाजवलं. तुरटीचं मी सांगितलेलं चुकीचं होतं, पाणी उकळा, ताप असेल तर दवाखान्यात जा. एक ताई म्हणाल्या, "पण भाऊ, किती स्वच्छ दिसतं." मी म्हटलं, मलाही दिसायचं. दारागणिक लाज वाटत होती. शेवटी पायरीवर टेकलो.

रेखा खाली जिन्याच्या तोंडाशी उभी होती, पोटाला हात लावून. दुसरी तपासणी अजून व्हायची होती.

"कोपऱ्यातलं दार राहिलं," ती खालून म्हणाली.

मी कठडा धरून उठलो.