चंद्रभागाबाई आणि खुर्चीवरचा पावना

...तर खोक्यातून ते यंत्र काढून खुर्चीवर ठेवलं, आणि चंद्रभागाबाईनं त्याला पहिला सवाल केला, "कोनाच्या घरचं होय तू, बाप्पा?" काल इथवर आलो आणि तुम्हाला घरून जेवायचं बोलावणं आलं. आता नीट बसा. खरी गंमत पुढेच आहे.

चंद्रभागाबाई आमच्या पवनीतली, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी विणकराघरची बाई. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा, टिकाराम, नऊ वर्षांपूर्वी गेला आणि घरातला माग बंद पडला. पण बाईचा चरखा बंद पडला नाही. अजूनही शेजारच्या कैलाशच्या मागासाठी ती चरख्यावर कोशाचा रेशमी धागा गुंडाळून कांड्या भरून देते. कांडी सैल भरली अशी तक्रार कैलाशनं कधी केली नाही. केली असती तर बाईचं उत्तर आम्हाला वैनगंगेच्या पलीकडूनही ऐकू आलं असतं.

मुलगा संजीव आणि सून मोनिका पुण्याला; संजीव कम्प्युटरच्या कंपनीत. त्याला आईची काळजी फार. इतकी, की ती करायला त्याला वेळच सापडेना. म्हणून त्यानं काळजी करणारं यंत्रच विकत घेतलं आणि पार्सलनं धाडून दिलं.

यंत्र दिसायला देखणं. गुडघ्याएवढं, पांढरंशुभ्र, गोल डोकं, दोन निळे डोळे. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं 'सोबती'. बाईनं ठेवलं 'पावना', कारण तो खुर्ची सोडत नव्हता आणि सारख्या चौकश्या करत होता. मराठी तर असं बोले, की मला आमचे चौथीचे गुरुजी आठवले. "शुभ प्रभात, चंद्रभागाजी! आज आपण प्रसन्न दिसत आहात." बाई तेव्हा पाठमोरी बसून भांडी घासत होती.

रोज सकाळी दहाला पावना पाच प्रश्न विचारी. म्हातारीची आठवण शाबूत आहे की नाही, त्याची ही परीक्षा. आज वार कोणता, महिना कोणता, नातवाचं नाव काय, काल काय जेवलात. बाई पटापट सांगे. काल काय जेवलात म्हटलं तर वरणात मीठ किती जास्त पडलं इथवर सांगे, आणि ते माझ्या बोलण्याच्या नादात पडलं हेही. मग पावना पाचवा प्रश्न विचारी, "आपल्या पतीचे नाव काय?"

आणि बाई गप्प.

तुम्हाला सांगायला नको, पण पावना परगावचा. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. नवरा असताना नाही, गेल्यावरही नाही. चंद्रभागाबाईनं अठ्ठावन्न वर्षांत साध्या बोलण्यात कधी घेतलं नाही. राशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी "पतीचं नाव?" म्हटलं, की बाई माझ्याकडे बघते आणि मी सांगतो. चाळीस वर्षं मी या हुद्द्यावर आहे, बिनपगारी. एकदा भंडाऱ्याला एका कचेरीत साहेब म्हणाले, "बाईंना बोलता येत नाही का?" येतं की नाही, ते बाईनं त्यांना दहा मिनिटं दाखवलं. नाव तेवढं सोडून सारं सांगितलं. साहेबांनी स्वतः उठून आम्हाला दारापर्यंत पोचवलं.

म्हणून पावन्यालाही मीच सांगायला गेलो. गळा साफ केला आणि म्हटलं, "टिकाराम!"

"कृपया चंद्रभागाजींना उत्तर देऊ द्या."

"अरे बाबू, मीच सांगत असतो. साऱ्या कचेऱ्यांत चालते."

"कृपया चंद्रभागाजींना उत्तर देऊ द्या."

"जाऊ द्या, देवाजीभाऊ," बाई म्हणाली, "तुमची नोकरी गेली."

इकडे आम्ही हसत होतो आणि तिकडे संजीवच्या मोबाइलवर रोज एक लाल खूण उमटत होती. अकरा दिवस, अकरा खुणा. बाराव्या दिवशी सकाळीच गाडी दारात. संजीव पुण्यातल्या एका वृद्धनिवासात आईसाठी खोली ठरवूनच आला होता. चहा घ्यायच्या आधी त्यानं बॅग उघडली आणि दांडीवरची लुगडी तिच्यात भरायला लागला.

"आई, तिथे चोवीस तास डॉक्टर असतात. तू आता एकटी राहू शकत नाहीस."

"काहून? काय झालं मले?"

"आई, तुला बाबांचं नावसुद्धा आठवत नाही गं!"

बाईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता. तो थुंकायच्या निमित्तानं अंगणात जाऊन मी पोटभर हसून घेतलं. परत आलो आणि म्हटलं, "संजीव, तुझ्या मायनं तुझ्या बापाचं नाव घेतलेलं तू कधी ऐकलं?"

संजीव विचारात पडला. "नाही," म्हणाला.

"त्या डब्याले नाही समजलं, चालते. तू तं याच घरात वाढला ना रे?"

संजीव शरमला. पण फार शिकलेला माणूस शरमला तरी हारत नाही. म्हणाला, "ते खरं, काका. पण ही लाल खूण मोनिकाच्याही मोबाइलवर जाते. ती म्हणते, शंका नको. आई, फक्त एकदा सांग त्याला. खूण हिरवी झाली, की खोली नको म्हणून आत्ता कळवतो. तू खुशाल इथंच राहा. शेवटी मशीन आहे ते, माणूस थोडीच आहे!"

"मशीन आहे, तं मंग तू कायले त्याचं आयकून राहिला?"

संजीवनं हातातल्या लुगड्याची पुन्हा एकदा घडी घातली. पण बॅग त्यानं बंद केली नाही.

आता बाईपुढे दोनच गोष्टी. नाव घ्यायचं, नाहीतर घर सोडायचं. ती चरख्याजवळ बसली होती, हातात अर्धी भरलेली कांडी. हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. आता यावरून समजून घ्या.

तेवढ्यात दहा वाजले. वार झाला, महिना झाला, नातू झाला, जेवण झालं. "चंद्रभागाजी, आपल्या पतीचे नाव सांगाल का?"

नाव घ्यायची एक सोय आमच्या बायकांना आहे, ती उखाण्याची. लग्नात, डोहाळजेवणात चारचौघींनी आग्रह केला, की जोडणी करून नाव घेता येतं, त्याला दोष नाही. पण नवरा गेलेल्या बाईला असा आग्रह कोण करतो? नऊ वर्षांत चंद्रभागाबाईला 'नाव घे' असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते या पावन्यानं, बारा दिवस, न कंटाळता. आपण काय मागून राहिलो, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नाही.

बाई उठली. कांडी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, कडेनं नीट केला. खुर्चीपुढे उभी राहिली आणि लाजली हो, खोटं नाही सांगत. संजीवच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. मग पावन्याच्या निळ्या डोळ्यांत डोळे घालून बाई मांडवात म्हणावं तशी ठसक्यात म्हणाली:

"पुन्याहून आला पावना, खाते भिताडातली वीज,
टिकारामरावाचं नाव घेतो, आता गुपचूप नीज!"